गुरुवारची पावले

दसऱ्याला मुलगी डोंबिवलीहून आमच्याकडे ठाण्याला, वर्तकनगरला आली. आपट्याची पाने हातात ठेवून पाया पडली आणि उठता उठता माझ्या मनगटाला काळ्या रबराचा एक पट्टा बांधला.

मी विचारले, "हे काय?"

"पावलं मोजतं, बाबा."

"कशासाठी?"

"तुम्ही किती चालता ते कळेल."

"ते मला ठाऊक आहे."

"किती चालता?"

वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात नोकरीची सगळी वर्षे मी मापे तपासण्याचे काम केले. कामगार ज्या मापाने माल मोजतो ते माप स्वतः बरोबर आहे की नाही, हे पाहणे माझ्याकडे असे. अशा माणसाला स्वतःच्या पावलांचा आकडा सांगता येऊ नये, हे मला लागले. पत्नी आतून म्हणाली, "अगं, पलंगापासून पेपरापर्यंत आणि पेपरापासून पलंगापर्यंत. तिसरीकडे कुठे जातात?"

मुलगी मला गॅलरीत घेऊन गेली आणि तिने खरे कारण सांगितले. पट्टे तिने दोन घेतले होते. दुसरा तिच्या सासऱ्यांसाठी होता. पावसाळ्यात त्यांच्या हृदयाच्या एका वाहिनीत जाळी बसवली होती. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितले होते आणि ते सोसायटीच्या फाटकापर्यंतही जात नव्हते. त्यातच त्यांच्या कुलदैवताचा उत्सव चैत्रात येणार होता. देव कोकणात, एका डोंगरावर. वर जायला दगडी पायऱ्या आहेत. ज्यांना चढवत नाही त्यांच्यासाठी डोली मिळते. व्याह्यांनी एकही चैत्र चुकवलेला नव्हता आणि डोलीला कधी हात लावलेला नव्हता. यंदाही पायीच चढणार, असे त्यांनी सर्वांना सांगून टाकले होते. डॉक्टर म्हणाले होते, तोवर रोज चाललात तर परवानगी, नाहीतर डोली.

"कुणाचंच ऐकत नाहीत, बाबा. न चालता तसेच चढायला निघाले तर काय होईल, याची मला झोप लागत नाही. पण हरायला त्यांना अजिबात आवडत नाही. तुम्ही त्यांच्याशी शर्यत लावा."

"मी कुणाशी शर्यत लावत नाही."

"म्हणून तर. तुम्ही लावलीत तर ते ती खरी मानतील."

मुलीच्या बापाने व्याह्यांना आव्हान देणे आमच्या पिढीच्या रीतीत बसत नाही. पण मुलीने मागितले, म्हणून मी होकार दिला. तिने दोन्ही पट्टे मोबाइलवर एकत्र जोडून दिले. माझा आकडा त्यांना दिसे, त्यांचा मला. एका आजारी माणसाला चालते करण्यासाठी हा सगळा खटाटोप आहे, हे मला त्या दिवशी पूर्ण स्पष्ट होते. आठवड्याभरात ते मला आठवेनासे झाले.

पहिले काम म्हणजे पट्टा तपासणे. पट्टा पावलांबरोबर अंतरही सांगतो, आणि अंतराला काहीतरी प्रमाण हवे. घरातला पोलादी टेप घेऊन मी पहाटे वसाहतीच्या फाटकापासून नाक्यापर्यंतचा रस्ता मोजायला निघालो. टेप आखूड, रस्ता लांब. खडूने खूण करायची, उठायचे, पुढे जायचे, पुन्हा वाकायचे. नाक्यावरच्या चहाच्या टपरीशी पोहोचलो तेव्हा टपरीवाला हात जोडून उभा होता.

"साहेब, आधी सांगायचं ना. किती फूट जातंय?"

"काय जातंय?"

"टपरी. रोड रुंद करतायत ना?"

"मी पावलं तपासतोय."

"हो हो, तेच. बसा ना. स्पेशल टाकतो."

"रस्ता रुंद होत नाहीये."

"बरोबर आहे साहेब. तुम्ही कशाला सांगाल!"

मी चहा घेतला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी टपरी दोन फूट मागे गेलेली होती. शेजारचा चावीवाला आणि चांभारही मागे सरले होते. रस्ता खरोखरच रुंद झाला होता. चालायला सोय झाली.

पट्टा ठीक निघाला. शंभर पावलांना तो दोनतीन अधिक धरी. कारखान्यात एवढा फरक मी चालू दिला नसता. इथे चालू दिला, कारण तोपर्यंत मला ते दारूकाम दिसले होते.

दिवसाची दहा हजार पावले झाली की पट्टा मनगटावर थरथरतो आणि त्याच्या नखाएवढ्या काचेत रंगीत दारूकाम होते. बाण उडतात, फुटतात, विझतात. मी सत्तरी ओलांडलेला माणूस आहे. नोकरीत मला कुणी शाबासकी दिल्याचे आठवत नाही. मापे तपासणाऱ्याला ती कुणी देत नाही, त्याच्यापासून लोक लांब राहतात. त्या दारूकामाने मला हर्ष झाला. हा शब्द मी जपून वापरतो.

त्यानंतर मी भाजी एकेक आणू लागलो. आधी कोथिंबीर. घरी येऊन ती ठेवायची, मग मिरच्यांसाठी परत जायचे. मग आले. मग लिंबू. भाजीवाली तिसऱ्या खेपेला म्हणाली, "काका, घरी भांडण झालंय का? काकूंना सांगा, एकदाच काय ती यादी द्या." पत्नी म्हणाली, "अहो, पोहे करून गार झाले. कोथिंबीर आली, लिंबू कुठाय?" मी म्हणालो, "निघालोच."

फोनवर मी बसून बोलणे सोडले. जेवणाच्या टेबलाभोवती फिरत बोलू लागलो. खालच्या मजल्यावरच्या बाई वर येऊन पत्नीला हळूच विचारून गेल्या, "यांना कसली काळजी लागलीय का हो? येरझारा ऐकू येतात." पत्नीने सांगितले, "काळजी नाही. छंद लागलाय. काळजी आता मला आहे."

दुपारचे ऊन बोचू लागले तेव्हा मी मारुतीच्या देवळात जाऊ लागलो. देवळात मी फारसा जाणारा नव्हे. पण आत गारवा होता, फरशी सपाट होती, आणि गाभाऱ्याभोवती कितीही फिरले तरी कुणी हरकत घेत नाही. शेजारीच शंकराचे देऊळ आहे. तिथे मात्र प्रदक्षिणा पुरी करता येत नाही, पन्हळीपाशी उलटे वळावे लागते. वळताना वेग मोडतो. म्हणून मारुती. मी खाली मान घालून, पट्ट्याकडे पाहत, भराभर फिरे. चौथ्या दिवशी बाकावर बसलेल्या बायका मला वाट करून देऊ लागल्या. एकीने दुसरीला सांगितलेले मी ऐकले, "रोज येतात बिचारे. फार मोठं संकट दिसतंय."

शेवटी पुजाऱ्यांनी थांबवले. "काका, मुलगा आहे?"

"मुलगी."

"नांदते ना नीट?"

"उत्तम."

"मग तब्येत? कोर्टकचेरी?"

"नाही. रोज थोडी कमी पडतात."

"काय?"

"पावलं."

पुजाऱ्यांनी प्रसादाचा दुसरा पेढा माझ्या हातावर ठेवला.

एक गोष्ट मी कटाक्षाने पाळली. खोटे पाऊल धरायचे नाही. ताक घुसळताना हात हलतो आणि पट्टा ते चालणे समजतो, हे पहिल्याच आठवड्यात माझ्या ध्यानात आले. नारळ खवतानाही तेच. त्यामुळे घरातले काम करताना मी पट्टा काढून ठेवी, आणि काढायला विसरलो तर तेवढी पावले मनात वजा करी. पत्नीला हे पटले नाही. "रवी हातात घेतलीच आहे तर राहू द्या की हातात पट्टा! पावलं तुम्हाला, ताक मला." मी नकार दिला. पट्टा काढताना दिसलो की ती तत्परतेने खवणी पुढे करी.

दारूकाम एकदा नको तिथे झाले. ओळखीच्या एका घरी दुःखाचा प्रसंग होता, आम्ही भेटायला गेलो होतो. दिवसाचा आकडा काठावर होता. मी चपला जागेवर ठेवायला म्हणून दोनदा दारापर्यंत गेलो. परत येऊन बसताना पट्टा थरथरला. सगळे गप्प होते. मी हसलो. पत्नीचे कोपर माझ्या बरगडीला लागले ते अजून दुखते, असे मी म्हणणार नाही, पण लागले.

आता व्याह्यांविषयी. माझे व्याही देहाने मोठे आणि आवाजाने त्याहून मोठे आहेत. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले. डोंबिवलीत त्यांच्या इमारतीतले भजनी मंडळ त्यांच्याच टाळावर चालते. शर्यत त्यांना फारच आवडली. सुरुवातीला मी पुढे असे, ते मागे. मग ते मागोमाग येऊ लागले. आणि दर गुरुवारी ते माझ्यापुढे इतके जात की मोबाइलवर त्यांची रेघ वर जाऊन थांबे आणि माझी खाली तिच्या सावलीत पडे.

रात्री जेवणाच्या वेळी त्यांचा आवाज मोबाइलवर येई. "व्याहीबुवा! आज काय, अंथरुणातच होतात का? असू द्या, असू द्या. मुलीकडचे तुम्ही, दोन पावलं मागे राहणं तुम्हाला शोभतंच!" मागे विहीणबाईंचे हसणे.

मी उत्तर लिही, "आपली कृपा." आणि जेवण झाल्यावर टेबलाभोवती फिरू लागे.

गुरुवार माझ्या डोक्यात बसला. गुरुवारी संध्याकाळी त्यांचे भजन असते. भजनाला माणूस बसतो. बसतो! मग ही पावले येतात कुठून? मला नाही नाही ते सुचू लागले. पट्टा ते दूधवाल्याच्या हाताला बांधत असतील. सोसायटीतल्या एखाद्या पोराला बांधून मैदानात सोडत असतील. पत्नी म्हणाली, "अहो, आजारी माणूस चालतोय हे बरंच आहे की." मी म्हणालो, "प्रश्न तो नाही." प्रश्न तोच होता.

मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी मी डोंबिवलीला निघालो. निमित्त म्हणून डिंकाचे लाडू घेतले. पत्नीने आधी फोन करायला सांगितले, पण आधी कळवले तर तपासणी कसली? मात्र मुलीचा बाप तिच्या सासरी न कळवता उभा राहिला की काय होते, याचा विचार मी केला नव्हता. दार विहीणबाईंनी उघडले. मला पाहून त्यांचा हात छातीशी गेला.

"अहो, काय झालं? विहीणबाई बऱ्या आहेत ना?"

मुलगी आतून धावत आली. "बाबा! आई कुठाय?"

"घरी आहे. लाडू आणले."

"लाडू? तुम्ही? स्वतः?"

"हो."

दोघींनी एकमेकींकडे पाहिले. विहीणबाई म्हणाल्या, "मग बसा, शिरा टाकते," आणि आत गेल्या. मुलगी माझ्याजवळ बसली. तिचा चेहरा इतका मोकळा मी बऱ्याच महिन्यांत पाहिला नव्हता. म्हणाली, "बाबा, सोमवारी डॉक्टरांना पट्ट्याचा आकडा दाखवला. ते म्हणाले, इतकं चालताय तर काही हरकत नाही, चढा चैत्रात. पप्पा तर हवेतच आहेत. हे सगळं तुमच्यामुळे."

मला बरे वाटले. शर्यत कशासाठी होती ते आठवले. मग मी खाली तळमजल्यावरच्या खोलीत भजनाला गेलो.

व्याह्यांनी मला पाहून टाळ उंचावले आणि डोळ्यांनीच बसायला सांगितले. ते मांडी घालून बसले होते. दोन्ही हातांत टाळ, उजव्या मनगटावर पट्टा. लय चढत होती, दोन्ही हात पुढेमागे झुलत होते, पोट हलत होते, डोळे मिटलेले होते. मी सरकत त्यांच्या उजव्या अंगाला गेलो आणि पट्ट्याच्या काचेत पाहिले. टाळाच्या प्रत्येक ठोक्याला आकडा एकाने पुढे जात होता. गजर सुरू झाला तेव्हा आकडा धावू लागला. आणि गजराच्या ऐन भरात त्या काचेत बाण उडाले, फुटले, विझले. व्याह्यांना थरथर कळली. त्यांनी डोळे उघडले, मनगट माझ्यापुढे नाचवले आणि लहान मुलासारखे हसले.

त्यांना काहीही ठाऊक नव्हते. आपण चालतो आहोत असेच ते मानत होते, आणि त्या मानण्यावर चैत्रात डोंगर चढणार होते.

शिरा मी खाल्ला. चांगला झाला असावा.

परतताना आणि नंतरचे काही दिवस मी एकाच गोष्टीचा हिशोब करत राहिलो. मुलीला सांगावे तर ती पुन्हा झोप घालवून बसणार. व्याह्यांना सांगावे तर हरणाऱ्याची कुरकुर वाटणार, आणि तीही मुलीच्या बापाची. पत्नी म्हणाली, "तुम्ही घरात फिरत नाही आहात. बरं नाही का?" मी तिला सांगितले. ती एकदा हसली, मग हसली नाही. म्हणाली, "कारखान्यात काय करायचात?"

कारखान्यात आमचा एक नियम होता. माल चुकला तर कामगाराला बोलायचे नाही, आधी त्याचे माप तपासायचे, आणि तेही त्याच्या देखत. माप खोटे निघाले की ते बाजूला ठेवून त्याच्या हातात दुसरे द्यायचे. कामगाराची मान खाली जाऊ द्यायची नाही.

पुढच्या गुरुवारी मी पुन्हा गेलो, या वेळी कळवून. भजनाआधी माझ्या हातातला पट्टा काढला आणि म्हणालो, "व्याहीबुवा, एक तपासणी आहे. हा तुमच्या पायात बांधायचा."

"पायात? व्याहीबुवा, मला आता पैंजण घालता?"

विहीणबाई म्हणाल्या, "घाला हो. माझे कपाटात पडलेत ते पण देऊ का? जोडी होईल."

मी खाली बसून त्यांच्या घोट्याला पट्टा बांधला. त्यांनी पाय मागे घ्यायचा प्रयत्न केला, "अहो, तुम्ही माझ्या पायाशी!" पण तोवर बांधून झाला होता.

भजन संपले. मंडळी पांगली. मी दोन्ही पट्टे सतरंजीवर शेजारी ठेवले. हाताच्या पट्ट्यावर भजनाच्या वेळात हजारोंची भर पडली होती. पायाच्या पट्ट्यावर नऊची. ते मध्ये एकदा पाणी प्यायला उठले होते.

व्याह्यांनी एकावरून दुसऱ्यावर नजर नेली. मग त्यांना कळले आणि ते हसू लागले. असे हसणे मी पाहिलेले नाही. त्यांचे पोट हलले, खांदे हलले, त्यांनी सतरंजीवर हात आपटला. पखवाजवाले दारातून परत आले. व्याही त्यांना आकड्यांकडे बोट दाखवत होते, पण हसण्यामुळे सांगता येईना. शेवटी म्हणाले, "अहो, मी मांडी घालून... मांडी घालून ठाणं ओलांडून पार मुलुंडला गेलो असेन!" मीही हसलो. आवाज करून हसलो, असे पखवाजवाले नंतर सांगत असत.

मग ते थांबले. डोळे पुसले.

"म्हणजे मी चाललोच नाही."

"गुरुवारी नाही."

"रोज सकाळी घरी तासभर टाळ असतो माझा."

"मग रोजही नाही."

"डॉक्टरांना मी हाच आकडा दाखवला." त्यांनी हाताचा पट्टा उलटा करून ठेवला. "यंदा डोली, तर मग."

त्यांचा आवाज इतका लहान होऊ शकतो, हे मला माहीत नव्हते.

"माप चुकलं होतं," मी म्हणालो. "तुम्ही नाही. चैत्राला वेळ आहे. उद्या सकाळी येतो."

"ठाण्याहून?"

"हो."

"मुलीचा बाप रोज सकाळी व्याह्यांच्या दारात! लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, चालायला येतो."

"आणि सूनबाईला कोण सांगणार?"

"तुम्ही. डॉक्टरांनाही."

त्यांनी दोघांनाही सांगितले. डॉक्टर आधी हसले, मग रागावले, मग म्हणाले, थोड्यापासून सुरू करा, दर महिन्याला मला दाखवा, चैत्राचे तेव्हा पाहू.

पट्टे दोघांनीही पायातच ठेवले. पहिल्या दिवशी आम्ही फाटकापासून दुधाच्या केंद्रापर्यंत गेलो. तिथे ते पायरीवर बसले आणि बराच वेळ उठले नाहीत. मी शेजारी उभा राहिलो. दुसऱ्या दिवशी तेवढेच. तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, "व्याहीबुवा, लयीशिवाय पाऊल उचलत नाही हो. नुसतं काय चालायचं, गाढवासारखं!" मला उपाय सुचला नाही. त्यांना सुचला. चौथ्या दिवशी ते टाळ घेऊन खाली उतरले.

पट्टे पायात असल्याने आकड्याला बाधा येत नव्हती. म्हणून मी हरकत घेतली नाही.

सकाळी सहाला डोंबिवलीच्या गल्लीतून एक थोराड गृहस्थ टाळ वाजवत, गात चालले आहेत आणि शेजारून एक हडकुळा, न हसणारा गृहस्थ खाली मान घालून चालला आहे, याला लोक काय समजणार? त्यांनी त्याला प्रभातफेरी समजले. दुसऱ्या दिवशी एक आजी फाटकात हात जोडून उभ्या होत्या. तिसऱ्या दिवशी आमच्यामागे चौघे होते. आठवड्याने मी मागे पाहिले तेव्हा वळणापर्यंत माणसे होती, आणि पखवाजवाले पखवाज गळ्यात अडकवून आले होते. एका बाईंनी मला अडवून विचारले, "फेरी कुठल्या मठाची?"

"हृदयरोगतज्ज्ञांची," व्याही ओरडले.

बाईंनी हात जोडले. त्यांना मठ माहीत असावा.

फेरी लांबत गेली. दुधाचे केंद्र मागे पडले, मग गणपतीचे देऊळ, मग पुलाचा चढ. पुलाच्या चढावर व्याही पहिल्यांदा न थांबता वर गेले त्या दिवशी त्यांनी माझ्या पाठीवर इतक्या जोराने थाप मारली की त्यातही पट्ट्याने एक पाऊल धरले असावे. आमच्या शर्यतीत आता त्यांचा आकडा माझ्याएवढाच असे, कारण आम्ही बरोबरच चालत होतो. मी ठाण्यात स्टेशनपर्यंत चालत जाई, तेवढा पुढे राही. ते मी त्यांना सांगितले नाही. मोबाइलवर त्यांना दिसतच होते.

चैत्रात डॉक्टरांनी परवानगी दिली. थांबत थांबत चढा, छातीत काही वाटले तर तिथेच बसा, आणि डोली बरोबर असू द्या. आम्ही उजाडता निघालो. पुढे व्याही आणि मी, मागे मुलगी, तिच्यामागे जावई पिशव्या घेऊन, आणि सगळ्यांत शेवटी रिकामी डोली घेऊन दोघे डोलीवाले, दर वळणावर विचारत, "आजोबा, बसता?"

निम्म्यावर व्याही एका पायरीवर बसले. कपाळावर घाम होता. मुलीने माझा हात धरला. ती लहान असताना धरत असे, तसा. डोलीवाल्यांनी डोली खाली टेकवली. व्याह्यांनी माझ्याकडे पाहिले.

"तुम्ही काही बोलत का नाही?"

"तपासणारा मध्ये बोलत नाही."

ते बराच वेळ बसून राहिले. श्वास खाली आला. मुलीने विचारले, "छातीत काही?" ते म्हणाले, "काही नाही. गुडघ्यात आहे, ते देवाचं नाही, वयाचं." मग त्यांनी गुडघ्यांवर हात ठेवले, उठले, आणि डोलीवाल्यांना म्हणाले, "माझ्या नादी लागू नका रे, तुमचे खांदे जातील. यांना विचारा. हे हलके आहेत."

डोलीवाल्यांनी खरेच मला विचारले. मी नाही म्हणालो.

वर पोहोचलो तेव्हा देवळापुढच्या ओट्यावर भजन सुरू होते. व्याही दर्शन घेऊन थेट तिथे जाऊन बसले, आणि मला हात धरून शेजारी बसवले. मग वाकून त्यांनी माझ्या घोट्यावरचा पट्टा सोडला आणि माझ्या उजव्या मनगटाला बांधला. त्यांनी कुणाकडून तरी टाळांची जोडी मागून घेतली आणि माझ्या हातांत दिली. आयुष्यात मी टाळ धरला नव्हता.

"व्याहीबुवा," ते म्हणाले, "माझ्यासाठी पुष्कळ चाललात. आता थोडी पावलं बसून चाला."

माझी लय चुकत होती. कुणी हरकत घेतली नाही. थोड्या वेळाने ती सापडली. गजराच्या भरात मनगटावर थरथर झाली आणि काचेत बाण उडाले. समोर मुलगी उभी होती. ती हसत होती आणि पदराने डोळे पुसत होती.

त्या दिवशीच्या आकड्यातून मी काहीही वजा केले नाही.